साथीच्या काळात मास्क : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळापासून औषधाच्या दुकानात आणि फोनवर मास्कबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. अजूनही येतात. कुठल्या तरी नव्या विषाणूची बातमी झळकते आणि लोकांना कपाटातला जुना मास्क आठवतो. उत्तरं घरी, बाजारात, कामावर वावरणाऱ्या सर्वसामान्य माणसांसाठी आहेत. दवाखान्यात काम करणाऱ्यांचे नियम वेगळे आणि जास्त कडक असतात. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साथ आली तर साध्या माणसानं मास्क लावावा की नाही? एका वाक्यात सांगा.

साथ श्वासातून पसरणारी असेल तर लावावा, आणि इतरांसोबत बंद जागेत असाल तेव्हा नक्की लावावा.

या वाक्यातल्या दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. कोविड, स्वाइन फ्लू, क्षयरोग श्वासातून पसरतात. डेंग्यू डासामुळे होतो, कॉलरा दूषित पाण्यातून. तिथे मास्क लावून काहीच होत नाही. दुसरी अट जागेची. मी स्वतःला एवढंच विचारतो : इथली हवा माझ्यासोबत आणखी किती जण, किती वेळ श्वासात घेणार आहेत? माणसं जास्त, वेळ जास्त आणि हवा कोंडलेली असेल तर मास्क हवाच. पुढची बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नातून निघतात.

२. मग कुठे लावू आणि कुठे नको? सीताबर्डीच्या गर्दीत लावा लागते काय?

सीताबर्डी मेन रोडवर हवा खेळती असते, माणसं एकमेकांजवळून क्षणभरात पुढे जातात. तिथे धोका कमी. तोच माणूस त्याच रस्त्यावरच्या अरुंद, एसी लावलेल्या कपड्याच्या दुकानात शिरला आणि साड्या पाहत अर्धा तास बसला, की धोका एकदम वाढतो. गंमत म्हणजे अनेक जण रस्त्यावर मास्क घालून यायचे आणि दुकानात शिरल्यावर बोलता यावं म्हणून खाली ओढायचे. नेमकं उलटं व्हायला हवं.

मेट्रोचा डबा बंद आणि वातानुकूलित, तिथे लावा. ‘आपली बस’च्या खिडक्या उघड्या असतील तर धोका कमी, पण गर्दीच्या वेळी उभ्यानं प्रवास असेल तर लावा. ऑटो दोन्ही बाजूंनी उघडा असतो, तरी अनोळखी माणसाला खेटून बसायचं असेल तर लावलेला बरा. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीची रांग, दवाखान्यातली बाकडी, पॅथॉलॉजी लॅब, कोचिंग क्लासची खोली, लिफ्ट, बँक, जिम : साथ चालू असताना इथे मास्क काढूच नये. अंबाझरीला, फुटाळ्याला किंवा तेलंगखेडीच्या बागेत सकाळी फिरताना गरज नाही. धावताना तर लावूच नका.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी जमणारी गर्दी उघड्यावर असते, पण इतकी दाट असते की ‘उघडी जागा’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही. स्तूपाच्या आत आणि रांगेत लावा, मोकळ्या मैदानात आपल्या माणसांसोबत बसल्यावर काढा. मारबतीच्या मिरवणुकीलाही हेच लागू.

३. मास्क मला वाचवतो की समोरच्याला?

दोघांनाही, पण सारखा नाही. बोलताना, खोकताना, गाताना तोंडातून बाहेर पडणारे थेंब सुरुवातीला मोठे आणि ओले असतात. ते उगमापाशीच, म्हणजे आजारी माणसाच्या तोंडावरच अडवणं सोपं असतं. हवेत आल्यावर ते सुकून बारीक होतात आणि बराच वेळ तरंगतात. म्हणून साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क समोरच्याचं रक्षण जास्त करतो, घालणाऱ्याचं कमी. घट्ट बसणारा एन-९५ मात्र घालणाऱ्यालाही चांगलं संरक्षण देतो, समोरच्यानं काहीच लावलेलं नसलं तरी.

कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवत होता. त्यामुळे ‘मला तर काही झालेलं नाही’ हे कोणीच खात्रीनं म्हणू शकत नव्हतं. सगळ्यांनी मास्क लावावा या सल्ल्याचं मुख्य कारण हे होतं.

४. आधी म्हणाले लावू नका, मग म्हणाले लावा. अशांवर भरवसा कसा ठेवायचा?

प्रश्न रास्त आहे. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता की निरोगी माणसानं सर्रास मास्क वापरायची गरज नाही. भारताच्या आरोग्य मंत्रालयानं ४ एप्रिल २०२० ला घरी शिवलेला, धुता येणारा मास्क वापरायला सांगितलं. अमेरिकेनं आदल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ जून २०२० ला आपला सल्ला बदलला.

बदलाची कारणं तीन. लक्षणं नसलेल्यांकडून होणारा प्रसार आधी पुरेसा कळला नव्हता. आजार फक्त मोठ्या थेंबांतून, जवळच्या अंतरातच पसरतो असा समज होता. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष वेधलं. आणि तिसरं, मास्कचा जगभर तुटवडा होता, ते डॉक्टर-नर्सना मिळणं जास्त गरजेचं होतं. हे तिसरं कारण लोकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. ‘मास्क कमी आहेत, आधी दवाखान्यांना देऊ, तुम्ही कापडाचे शिवा’ हे लोकांनी समजून घेतलं असतं. ‘उपयोग नाही’ असं ऐकल्यावर पुढे ‘उपयोग आहे’ हे पटवणं कठीण गेलं आणि अजूनही जात आहे.

५. हे मास्कचं खूळ कोविडपासूनच आलं ना?

नाही. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसांच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह या डॉक्टरांनी कापूस आणि जाळीदार कापडाच्या थरांचा मास्क डॉक्टरांपासून सर्वसामान्यांपर्यंत सगळ्यांना घालायला लावला. १९१८ च्या इन्फ्लुएंझात सॅन फ्रान्सिस्को शहरानं मास्कची सक्ती केली होती. त्याच साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली. नागपूर ज्याची राजधानी होती, तो मध्य प्रांत सर्वाधिक तडाखा बसलेल्या भागांपैकी एक होता.

६. विषाणू इतका बारीक असते, तो कापडाच्या छिद्रातून जाणारच ना?

विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे खरं. पण तो एकटा उडत नाही. लाळेच्या आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याच्या कणांत बसून येतो, आणि हे कण त्याच्यापेक्षा बरेच मोठे असू शकतात.

शिवाय मास्क गाळणीसारखा चालत नाही. मोठे कण सरळ येऊन धाग्यावर आदळतात. फार बारीक कण हवेत इकडेतिकडे भरकटतात आणि भरकटताना धाग्याला चिकटतात. अडवायला सगळ्यात अवघड असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, मधल्या आकाराचे कण. म्हणूनच एन-९५ ची परीक्षा त्याच आकारावर होते आणि त्यातले किमान ९५ टक्के अडवले तरच तो पास होतो. त्याच्या मधल्या थराला स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. या विद्युतभाराचा संबंध प्रश्न ११ शीही आहे.

खरा दोष बहुतेक वेळा कापडात नसतो, कडेच्या फटींत असतो.

७. मास्कचा उपयोग होत नाही असं संशोधनातच सिद्ध झालं म्हणतात. खरं काय?

या वादात तीन अभ्यास नेहमी पुढे केले जातात. तिन्ही नीट पाहू.

डेन्मार्कमध्ये २०२० च्या वसंतात सुमारे ६,००० लोकांवर प्रयोग झाला. मास्कचा सल्ला दिलेल्या गटात १.८ टक्के लोकांना संसर्ग झाला, दुसऱ्या गटात २.१ टक्के. फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. पण हा प्रयोग फक्त घालणाऱ्याचं रक्षण होतं का एवढंच तपासत होता. आजूबाजूच्या समाजात तेव्हा मास्क जवळजवळ कोणी वापरत नव्हतं, आणि मास्कच्या गटातल्याही निम्म्याहून कमी लोकांनी सांगितल्याप्रमाणे काटेकोर वापर केला.

बांगलादेशातला प्रयोग मला आपल्या परिस्थितीच्या जास्त जवळचा वाटतो. ६०० गावं, ३ लाख ४० हजारांहून अधिक प्रौढ. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, बाजारात आणि मशिदींत आठवण करून दिली. मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. लक्षणं असलेला आणि रक्ततपासणीत दिसलेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ही घट ११ टक्के होती आणि तिथल्या ६० वर्षांवरच्या माणसांत सुमारे ३५ टक्के. म्हणजे गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मास्क लावलेला नसतानाही एवढा फरक दिसला.

तिसरा कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा, जानेवारी २०२३ चा. त्यात फ्लूच्या साथींतलेही प्रयोग एकत्र केले होते. त्यानंतर ‘मास्क निरुपयोगी’ असे मथळे झळकले. मार्च २०२३ मध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनीच खुलासा केला की असा अर्थ काढणं चुकीचं आहे. मास्क वापरण्याला प्रोत्साहन देणाऱ्या उपायांनी प्रसार मंदावतो का, हे आढाव्यात पाहिलं होतं आणि त्याचं उत्तर अनिर्णीत आलं.

माझं वाचन असं : चांगला, नीट बसलेला मास्क कण अडवतो, यात शंका नाही. लोकांना ‘मास्क लावा’ सांगितल्यानं होणारा फायदा माफक असतो, कारण लोक तो अर्धवट लावतात, जेवताना काढतात, घरी लावत नाहीत. पण माफक म्हणजे शून्य नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात नातेवाईक ऑक्सिजनच्या बेडसाठी एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत होते. त्या आठवड्यांत दहातला एक रुग्ण कमी असता तरी किती बेड मोकळे असते, याचा विचार ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनी करावा.

८. मेडिकल स्टोअरमध्ये दहा प्रकारचे मास्क असतात. कोणता घेऊ?

रोज थोडा वेळ बाजारहाट : तीन थरांचा सर्जिकल मास्क पुरतो, त्यावर ‘आयएस १६२८९’ हा भारतीय मानकाचा क्रमांक शोधा. ६० च्या वर वय, मधुमेह, दमा, किडनीचा आजार, कर्करोगाचे उपचार, किंवा घरी रुग्णाची सेवा : एन-९५ किंवा त्याच्या तोडीचा एफएफपी२ घ्या. भारतीय बनावटीवर आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस ९४७३’ असतं. रस्त्यावरच्या ठेल्यावर एन-९५ म्हणून मिळणारे, एका थराचे, सैल कानपट्टीचे मास्क नावापुरतेच असतात.

पुढे गोल झडप असलेला मास्क साथीत घेऊ नका. आत येणारी हवा तो गाळतो, पण तुमचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. आरोग्य सेवा महासंचालनालयानं जुलै २०२० मध्येच राज्यांना याबद्दल सावध केलं होतं. घरी असेल तर धुळीच्या कामाला वापरा.

कापडी मास्क शिवायचा असेल तर तीन थर : आतला सुती, मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, बाहेरचा पॉलिएस्टरसारखा, पाणी न शोषणारा.

९. मी गाडीवर जाताना दुपट्टा बांधतेच. तेवढा चालते ना?

उन्हासाठी आणि धुळीसाठी उत्तम. साथीसाठी पुरेसा नाही. पातळ सुती दुपट्ट्याचे किंवा गमछाचे एक-दोन पदर बारीक कणांना फारसे अडवत नाहीत, आणि हनुवटीखालून, कानाजवळून तो मोकळा राहतो. चार पदर घेतले तर थोडा बरा, फटी मात्र राहतातच.

पण इथे दुपट्टा सोडा असं सांगणारा माणूस नागपूरचा नसावा. सोपा मार्ग हा : गाडीवर दुपट्टा बांधा, पर्समध्ये मास्क ठेवा, ऑफिसच्या किंवा दुकानाच्या दारात दुपट्टा सोडून मास्क लावा. आत मास्क, त्यावर दुपट्टा असंही चालेल. दुपट्टा मास्कला चेहऱ्यावर दाबून धरतो आणि फटी कमी होतात. दुपट्टा रोज धुवा, मळलेला बाहेरचा भाग दुसऱ्या दिवशी तोंडावर येऊ देऊ नका.

१०. मे महिन्यात ४५ अंशांत मास्क? जीव जाईल.

रस्त्यावर, उन्हात, एकटे असाल तर काढाच. उन्हाळ्यात उष्माघात हा साथीइतकाच खरा धोका आहे. पाणी प्यायला मास्क अडसर होत असेल तर पाणी आधी. आत शिरताना लावा. घामानं भिजलेला मास्क हवा नीट जाऊ देत नाही आणि कडेनं गळू लागतो, म्हणून दुपारसाठी एक जास्तीचा कोरडा जवळ ठेवा. बांधकामावर, वीटभट्टीवर, हमालीच्या कामावर उघड्यावर राबणाऱ्यांना मास्कची सक्ती करू नये. त्यांना मास्क हवा तो जेवणाच्या शेडमध्ये आणि कोंबून भरलेल्या टेम्पोत.

११. एन-९५ महाग पडते. धुऊन वापरला तर?

धुऊ नका. साबण, सॅनिटायझर, इस्त्री यांनी प्रश्न ६ मध्ये सांगितलेला विद्युतभार आणि मास्कचा आकार बिघडतो, मास्क बाहेरून ठीक दिसला तरी. त्याऐवजी चार-पाच मास्क घ्या, प्रत्येकावर वार लिहा, वापरून झाला की कागदी पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल राहते. इलॅस्टिक सैल झालं, नाकाची पट्टी तुटली, मास्क मळला, भिजला किंवा श्वास घेणं जड वाटू लागलं की टाकून द्या. सर्जिकल मास्क एका दिवसाचाच. कापडी मास्क रोज साबणानं धुऊन उन्हात वाळवा.

१२. मास्क लावला की श्वास कोंडते. ऑक्सिजन कमी होते काय?

नाही. ऑक्सिजनचा रेणू मास्कच्या धाग्यांमधून सहज ये-जा करतो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क घालून उभे असतात. एन-९५ मध्ये श्वास ओढायला थोडा जास्त जोर लागतो, म्हणून कोंडल्यासारखं वाटतं. सवयीनं कमी होतं. मात्र सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा तीव्र दम्याच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच एन-९५ निवडावा आणि त्रास झाला तर मोकळ्या हवेत जाऊन लगेच काढावा. अशा माणसांनी साथीत गर्दीच्या बंद जागा टाळणंच जास्त हिताचं.

१३. चष्म्यावर वाफ जमते, काय करू?

वाफ म्हणजे वरून हवा गळते आहे. नाकाची तार दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकारात दाबा, चष्मा मास्कवर ठेवा. सर्जिकल मास्क सैल होत असेल तर कानाच्या पट्टीला मास्कलगत गाठ मारून बाजूची घडी आत दुमडा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोग नियंत्रण संस्थेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की एवढ्या छोट्या बदलानं, किंवा सर्जिकल मास्कवर कापडी मास्क घातल्यानं, संरक्षण खूप वाढतं. दोन एन-९५ किंवा दोन सर्जिकल एकावर एक घालून मात्र तसा फायदा होत नाही.

१४. पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर काय करायचं? मास्क लावून खर्रा तर खाता येत नाही.

येत नाही, आणि खर्रा खाणाऱ्याचा मास्क दिवसभर हनुवटीवरच राहतो हे सगळ्यांनी पाहिलं आहे. एकाच पन्नीतला खर्रा चौघांत वाटणं, तोंडात हात घालणं, मग थुंकणं : साथीत प्रत्येक पायरी वाईट. खर्ऱ्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग हा वेगळा विषय, पण विदर्भात तो विसरून चालत नाही. चहा-पोह्यांचं मात्र सोपं आहे. तर्री पोह्याची प्लेट घेऊन ठेल्यापासून दोन पावलं दूर, वाऱ्याला उभे राहा, खा, आणि गप्पा मास्क लावून मारा.

१५. लग्न लॉनमध्ये आहे. तिथे तर मोकळी हवा, मग?

लॉनमध्ये मंडप तिन्ही बाजूंनी कनातींनी बंद केला असेल आणि आत मिस्ट फॅन लावले असतील, तर ती जागा हॉलपेक्षा फार वेगळी नाही. कनाती उघड्या ठेवायला यजमानांना आधीच सांगा. जेवताना मास्क निघणारच, म्हणून पंगत किंवा बुफे उघड्या बाजूला हवा. वधू-वराच्या स्टेजवर फोटोसाठी एकेका मिनिटाला नवं कुटुंब येतं, नवरा-नवरी आणि आई-वडील तासन्‌तास तिथे उभे असतात. सगळ्यात जास्त धोका त्यांना. बंद सभागृहातलं लग्न असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी विधीपुरतं, एन-९५ लावून जावं.

१६. लहान मुलांना लावावा का?

पाच वर्षांपर्यंत नको, असं भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं २०२१ मध्ये आणि त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली, मुलाला नीट घालता-काढता येत असेल तर. १२ च्या पुढे मोठ्यांसारखाच. शाळेत वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवणं हे शिक्षकांच्या हातात आहे आणि मुलं मास्क लावत नाहीत त्या लहान वर्गांत ते जास्तच गरजेचं आहे.

१७. लस घेतली, आजारही होऊन गेला. आता कशाला?

लसीनं गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका खूप कमी होतो, पण संसर्ग होणं आणि तो पुढे देणं पूर्ण थांबत नाही. २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉननं लस घेतलेल्यांना आणि आधी आजारी पडलेल्यांनाही गाठलं. साथ जोरात असेल आणि घरी आजी-आजोबा किंवा कर्करोगाचे उपचार घेणारं कोणी असेल, तर प्रश्न २ मधल्या जागी लावा. नसेल तर थोडी मोकळीक घ्यायला हरकत नाही.

१८. सक्ती असावी का? दंड आजही लागतो का?

आज लागत नाही. राज्य सरकारनं २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक केला. साथीत मात्र १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून सक्ती करता येते. २०२० मध्ये नागपुरात महापालिकेचं उपद्रव शोध पथक चौकाचौकांत दंड करत होतं. २०० रुपयांचा दंड त्या सप्टेंबरमध्ये ५०० वर गेला.

सक्तीच्या मी बाजूनं आहे, पण ठरावीक जागी आणि ठरावीक काळापुरती : दवाखाने, बस, मेट्रो, सरकारी कार्यालयांचे बंद कक्ष, आणि दवाखाने भरू लागले की. उघड्या रस्त्यावर एकट्या दुचाकीस्वाराला अडवून दंड केला, की लोकांच्या मनात मास्क आणि पावती यांचीच सांगड बसते. पोलीस नसेल तिथे मास्क खिशात जातो, आणि पोलीस नसतो ती जागा बहुधा बंद खोलीच असते. दंडाऐवजी बसच्या दारात मास्क हातात ठेवला असता तर जास्त लोकांनी लावला असता. फुकट मास्क आणि आठवण यांनी वापर वाढतो, हे बांगलादेशातल्या गावांनी दाखवलं.

१९. कारमध्ये एकटा असलो तर?

आरोग्याच्या दृष्टीनं गरज नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये एकट्या चालकालाही मास्क आवश्यक ठरवला होता, त्यामुळे हा गोंधळ देशभर पसरला. साथीत स्थानिक आदेश असेल तर तो पाळा. ओला-उबर किंवा शेजाऱ्याला सोबत घेतलं असेल तर मास्क लावा आणि एसीऐवजी काचा खाली करा.

२०. माझी दाढी आहे. एन-९५ बसत नाही.

खरं आहे, दाढीतून हवा गळते आणि एन-९५ चा मुख्य फायदा जातो. साथीपुरती दाढी बारीक करता येत असेल तर करा. धर्मामुळे शक्य नसेल तर दाढीवरून ताणाची रबरी पट्टी घट्ट बांधून त्यावर मास्क लावण्याची पद्धत शीख डॉक्टरांनी वापरली आहे. तेही जमत नसेल तर सर्जिकल मास्क लावा आणि बंद जागेतला वेळ कमी करा.

२१. घरी ऐकू कमी येणारे वडील आहेत. मास्क लावला की त्यांना काही समजत नाही.

ओठ वाचून समजणाऱ्यांसाठी हा मोठा अडथळा आहे आणि मास्कच्या सल्ल्यांत तो बहुतेकदा विसरला जातो. घरच्यांनी निरोगी असताना घरात लावायची गरज नाही. दवाखान्यात सोबत जाऊन तुम्ही दुभाष्या व्हा, किंवा फोनवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. डॉक्टरांना खिडकीजवळ, थोडं अंतर ठेवून बोलायला सांगा. ते सहसा ऐकतात. समोर पारदर्शक पट्टी असलेले मास्कही मिळतात. ज्यांना मास्क सहनच होत नाही, जसं काही स्वमग्न मुलं, किंवा जे तो स्वतः काढू शकत नाहीत, त्यांना लावू नये. त्यांच्याभोवतीच्या माणसांनी लावावा.

२२. वापरलेला मास्क कुठे टाकू?

मास्क कापून, किमान ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, मग सुक्या कचऱ्यात, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२० मधला सल्ला होता. कापायचा यासाठी की कोणी तो उचलून पुन्हा विकू नये. नालीत किंवा कचरागाडीत तसाच फेकला तर तो सफाई कामगाराच्या हातात जातो, आणि त्या हातात बहुधा हातमोजा नसतो.

२३. आता साथ नाही. मग मास्क घरात ठेवून काय करू?

ठेवा. सर्दी-खोकला असताना बाहेर जावं लागलं तर लावा, सरकारी दवाखान्यात जाताना लावा. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर उपचार सुरू झाल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांनी मास्क लावणं आणि खोली हवेशीर ठेवणं घरच्यांसाठी महत्त्वाचं आहे. किती दिवस, ते उपचार करणारे डॉक्टर सांगतील. मास्कचं सीलबंद पाकीट मुदत पाहून ठेवा. इलॅस्टिक सैल झालेले जुने मास्क साथीत कामाचे नाहीत.

२४. घरातच रुग्ण आहे, उन्हाळा आहे, कूलर चालू आहे. मास्क पुरेल का?

एकटा मास्क पुरणार नाही, आणि याचं कारण कूलर कुठे बसवला आहे त्यात आहे. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. खिडकीतला कूलर मात्र ताट्यांमधून बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, म्हणजे ताजी हवा देतो. साथीत ही चांगली गोष्ट आहे, पण आत आलेली हवा कुठून तरी बाहेर पडणारच. रुग्णाच्या खोलीत कूलर लावला आणि उघडं फक्त हॉलकडचं दार असेल, तर रुग्णाचा श्वास दिवसरात्र हॉलमध्ये येत राहतो. घरातल्या बाकीच्यांनी मास्क लावून झोपणं तर शक्य नसतं.

त्या खोलीला दुसरी खिडकी किंवा झरोका बाहेर उघडत असेल तर तो उघडा, हॉलकडचं दार बंद करा, दाराखालच्या फटीला चादर लावा. दुसरी खिडकी नसेल तर उलटं करा : कूलर हॉलच्या खिडकीत लावा, रुग्णाच्या खोलीचं दार उघडं ठेवा आणि त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. हवा हॉलमधून रुग्णाच्या खोलीत आणि तिथून बाहेर जाईल, रुग्णालाही गारवा मिळेल. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कूलर हे करत नाही, तो तीच हवा घुसळतो. तो खिडकीला लावाच. शेजारच्या घराची खिडकी अगदी समोर असेल तर त्यांना सांगून ठेवा.

खोलीत जाणाऱ्यानं एन-९५ लावायचा, रुग्णानं तेवढ्या वेळापुरता सर्जिकल, आणि थाळी दारातच ठेवता आली तर उत्तम. हवा कुठे जाते आहे हे पाहायचं असेल तर दोन खोल्यांमधल्या दारात उदबत्ती धरा. धूर रुग्णाच्या खिडकीकडे गेला पाहिजे. हॉलकडे आला तर कूलरची जागा बदला.